मी मीच असल्याचा पुरावा

११ ऑक्टोबर, सोमवार

गॉर्डनचं पत्र आलं. गावातलं औषधाचं दुकान त्याचं. लिहितो की १ जानेवारीपासून मॉर्फिन आणि तसली सवय लावणारी औषधं कागदावर लिहून चालणार नाहीत. चिठ्ठी कॉम्प्युटरवरूनच यायला हवी. आणि पाठवणारा डॉक्टर हा खरोखर तोच डॉक्टर आहे, हे त्याने आधी सिद्ध करायचं.

म्हणजे मी मर्ल स्टॉडर्ड आहे हे मी सिद्ध करायचं! हॅस्केटमध्ये! सहाशे चाळीस माणसांचं गाव, त्यातली दोनशे अकरा मी बाळंतपणात स्वतःच्या हातांनी बाहेर काढलीत. उरलेल्यांचे टाके, गळवं आणि मूळव्याधी मला तोंडपाठ आहेत.

घाबरलेलो अजिबात नाही. नव्या गोष्टींना मी कायम दोन पावलं पुढे जाऊन भेटतो. फॅक्स मशीन घेणारा या भागातला पहिला डॉक्टर मीच. (पहिल्या चारांत तरी नक्की.)

केल्सीला विचारलं. केल्सी आमच्या दवाखान्यातली नवी नर्स-प्रॅक्टिशनर. डॉक्टर नाही, पण कायद्याने औषधं लिहू शकते. ती म्हणाली, मला अकरा मिनिटं लागली, त्यात कॉफीही झाली. पोरगी एकोणतीस वर्षांची, मीच बाहेर काढलेली, डोकं तेव्हाही मोठं होतं. तिला अकरा लागली तर एकोणचाळीस वर्षांच्या अनुभवाला पाच पुरेत. पण घाई नको. वीस धरतो.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आर्डिथबाई नोव्होट्नी येऊन गेल्या. वय चौऱ्याऐंशी. चौथीत मला शिकवायला होत्या. पाठीचे तीन मणके चेपलेत. बारा तासांनी एक मॉर्फिनची गोळी, चिठ्ठी अठ्ठावीस दिवसांची. गोळी वेळेवर असली की बाई स्वतः उभं राहून कोलाची, म्हणजे गोड पाव भाजतात, आत जर्दाळू भरून. एक गोळी चुकली तर खुर्चीतून उठता येत नाही.

तारखा मांडल्या. आज, ९ नोव्हेंबर, ७ डिसेंबर, या तिन्ही चिठ्ठ्या कागदावर. चौथी ४ जानेवारीला, ती कॉम्प्युटरवरून. म्हणजे बारा आठवडे आहेत. बारा आठवड्यांत माणूस विमान चालवायला शिकतो.

बाईंना शब्द दिला, जानेवारीतही चिठ्ठी माझ्याच हातची. बाई म्हणाल्या, अरे मर्ल, ती केल्सी आहे ना, तिच्याकडून घेतली तर काय बिघडलं? मी म्हणालो, बाई, अठरा वर्षं तुमची चिठ्ठी मी लिहितोय, वीस मिनिटांच्या कामासाठी ती दुसऱ्याकडे जाऊ देतो होय! बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मला वाटतं भरून आलं असावं त्यांना.

१३ ऑक्टोबर, बुधवार

पहिला प्रयत्न. थोडक्यात हुकलं.

आधी फोनपुढे चेहरा धरायचा. फोन म्हणतो, चेहरा सापडला नाही. पाच वेळा. जोलीन (आमची रिसेप्शनिस्ट, बावीस वर्षं माझ्याकडे) म्हणाली, डॉक्टर, टोपी काढा. काढली. मग फोन म्हणतो डोळे मिटा-उघडा. मिटले. जोलीन म्हणाली, आता उघडा. माझं लक्ष होतं.

मग पाच प्रश्न, वेळ दोन मिनिटं. म्हणे हे प्रश्न फक्त खऱ्या माणसालाच येतात. एक: १९९८ साली तुमच्या नावावर यातली कोणती गाडी होती? मला ठाऊक होतं, ती तपकिरी. पर्यायांत तपकिरी नव्हती, नुसती कंपन्यांची नावं. दोन: यांतल्या कोणत्या रस्त्यावर तुम्ही राहता? मेडोलार्क ड्राइव्ह वगैरे. असला रस्ता गावात नाही. आम्ही स्मशानाच्या रस्त्यावर राहतो, पन्नास वर्षं सगळे तेच म्हणतात. तीन: यांतल्या कोणत्या व्यक्तीबरोबर तुम्ही एका घरात राहिला आहात? चार बायकांची नावं! एकही ओळखीची नाही. सभ्य माणसाने द्यावं तेच उत्तर दिलं. यांपैकी कोणीही नाही.

उत्तर आलं, आपली ओळख पटू शकली नाही.

चूक प्रश्नांची आहे, हे कुणीही सांगेल.

त्याच दिवशी, जेवण झाल्यावर

अर्लिसला चारी नावं हसत हसत ऐकवली. तिसरं होतं अर्लिस जीन हॅवरकँप. बायको म्हणाली, मर्ल, ते माझं माहेरचं नाव. चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मी म्हणालो, मी तुला अर्लिस म्हणून ओळखतो, माणूस म्हणून ओळखतो, नावागावाने नाही. तिने राजम्याची तिखट चिली वाढली, सोबतचे दालचिनी रोल मात्र ओव्हनमध्येच राहिले. मागितले नाहीत. माणसाने प्रसंग ओळखावा.

१७ ऑक्टोबर, रविवार

अर्लिस मोठ्या मनाची. माझी तयारी करून घेतेय. पुठ्ठ्याची बेचाळीस कार्डं केली तिने, पुढे प्रश्न, मागे उत्तर. विषय: मी.

बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. स्मशानाच्या रस्त्याचं सरकारी नाव अकरा वर्षांपासून मेडोलार्क ड्राइव्हच आहे, ॲम्ब्युलन्सला सापडावं म्हणून बदललं. त्याविरुद्धच्या अर्जावर माझी सही होती म्हणे. तळ्याकाठची जागा आम्ही विकली. माझा रक्तगट मला वाटत होता तो नाही. (हा प्रश्न येणार नाही, पण अर्लिसने भरीला घातला.)

एकूण गुण बेचाळीसपैकी एकोणीस. अर्लिस म्हणाली, अरे, तुझ्यापेक्षा तुझी माहिती मला जास्त आहे, मीच बसते परीक्षेला. मी तिला सांगितलं, कायद्याने ज्याची परीक्षा त्यानेच द्यायची. ती म्हणाली, हो ना, कायदा करणाऱ्यांच्या घरी बायका नसाव्यात.

निश्चय: रोज सकाळी कॉफीबरोबर दहा कार्डं.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा प्रयत्न. कार्डं सकाळी झाली नव्हती (कॉफी गरम होती, लक्ष लागेना), तरी आत्मविश्वास भरपूर. आणि प्रश्न सगळे नवीन! भाऊ कोणत्या परगण्यात राहतो, पहिली नोकरी कुठली. पहिले चार फटाफट. पाचवा इतका सोपा होता की तो का सोपा आहे हे मी जोलीनला समजावून सांगत होतो, तेवढ्यात दोन मिनिटं संपली.

आता तीस दिवस प्रश्न बंद. लोक याला अपयश म्हणतील. मी विश्रांती म्हणतो.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

मदतीच्या नंबरवर फोन केला. सवाना नावाची मुलगी, आवाज गोड. मी म्हणालो, माझी ओळख पटत नाहीये. ती म्हणाली, जरूर मदत करते, आधी आपली ओळख पटवून घेऊ. मी हसलो. ती हसली नाही.

चाळीस मिनिटांनी तोडगा निघाला. घरच्या पत्त्यावर एक पत्र येईल. त्यात गुप्त आकडा. तो घातला की मी मी झालो. आकडा पंधरा दिवस चालतो. मग ते माझ्या नावाची एक चावी पाठवतील. पोस्टाच्या पेटीचा नंबर चालत नाही, खरं घर हवं. मी अभिमानाने सांगितलं, आठशे दोन, मेडोलार्क ड्राइव्ह. कार्डांचा उपयोग झाला तो असा.

अर्लिस म्हणाली, मर्ल, घरी टपाल येत नाही आपल्याकडे. खरं आहे. हॅस्केटमध्ये पोस्टमन नाही, सगळ्यांच्या पेट्या पोस्ट ऑफिसात, आमची एकशे चौदा. ती म्हणाली, घराच्या पत्त्यापुढे अपार्टमेंट ११४ असं लिही. मी सगळं सामान तसंच मागवते, यंत्राला घर दिसतं आणि डेलला पेटी. मी म्हणालो, म्हणजे सरकारी कागदावर सांगू की हॅस्केटचा डॉक्टर एकशे चौदाव्या खोलीत राहतो? गावात दुमजली इमारत एक, तीही धान्याचं कोठार. असली फसवणूक माझ्याने व्हायची नाही. शिवाय पोस्टमास्तर डेल माझा मित्र. त्याचा हर्निया मी शोधून काढलाय.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

डेल दुकानात भेटला. हसत म्हणाला, मर्ल, तुझं एक पत्र आलं होतं, दिसायला महत्त्वाचं. मी म्हटलं, आण! तो म्हणाला, परत पाठवलं. पत्ता घराचा होता, घरी टपाल नाही, आणि पाकिटावर लिहिलंय की दुसरीकडे वळवू नये.

मी म्हणालो, डेल, तू मला ओळखतोस. तो म्हणाला, तुला कोण ओळखत नाही? पण पत्ता ओळखीचा नव्हता ना. मी म्हणालो, माझं घर तुला पोस्टाच्या खिडकीतून दिसतं! तो म्हणाला, दिसतं ना, छपराला डांबर लाव, हिवाळा आलाय.

हर्नियाचा उल्लेख केला. तो म्हणाला, त्याचे आभार मी तेव्हाच मानले होते.

९ नोव्हेंबर, मंगळवार

आर्डिथबाईंची चिठ्ठी, कागदावर. बाईंनी विचारलं, झालं का रे तुझं ते? मी म्हणालो, जवळजवळ. बाई म्हणाल्या, भूगोलाच्या वहीचंही जवळजवळच व्हायचं तुझं. केवढी स्मरणशक्ती या वयात! मॉर्फिन मानवतंय.

जाताना म्हणाल्या, मर्ल, मला मरायची भीती नाही, पण दुखण्याची आहे, तेवढं बघ. म्हटलं, बाई, निर्धास्त झोपा.

१३ नोव्हेंबर, शनिवार

सुचलं! आंघोळ करताना सुचलं, तसाच बाहेर आलो.

घरी टपाल येत नाही, कारण घराला टपालपेटी नाही. इतकं साधं! पेटी असती तर डेलला पत्र टाकायला जागा असती. शेतकी मालाच्या दुकानातून मोठी पेटी आणली, वर लाल झेंडा. खांब देवदाराचा. जमीन गोठलेली, पहार लागली. चार तास. नावही रंगवलं, डॉ. स्टॉडर्ड, ८०२ मेडोलार्क. रंग ओघळला, पण लांबून वाचता येतं.

अर्लिस खिडकीतून बघत होती. चार तासांनी बाहेर येऊन म्हणाली, फार सुंदर झाली रे, पण यात पत्र टाकणार कोण? मी म्हणालो, एकेक पायरी.

सवानाला फोन करून दुसरं पत्र मागवलं.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

पेटी दिमाखात उभी आहे. आज उघडली तर आत चर्चच्या जेवणाचं पत्रक! म्हणजे योजना चालते. (पत्रक अर्लिसने टाकलेलं, मला बरं वाटावं म्हणून. तिचा स्वभावच तसा.)

२४ नोव्हेंबर, बुधवार

दुसरं पत्रही डेलने परत पाठवलं. पोस्टात जाऊन मी टेबलावर हात आपटला. मागे रांगेत सात माणसं होती. मी वळून विचारलं, मी कोण आहे, सांगा याला! सातही जणं म्हणाली, डॉक्टर मर्ल. डेल म्हणाला, माझंही मत धर, आठ झाली. पण पत्र निवडणुकीने देत नाहीत.

उद्या थँक्सगिव्हिंग. जिभेवर साखर ठेवणार. डेलचं कुटुंब आमच्याकडेच जेवायला आहे.

२ डिसेंबर, गुरुवार

रात्रभर बर्फ. सकाळी बर्फ सारणारा ट्रक आला आणि पेटी घेऊन गेला. खांब शेजारच्या शेतात, पेटी सापडेना, झेंडा सापडला.

तीस दिवसांची प्रश्नबंदी संपून बारा दिवस झाले, हे आज जोलीनने लक्षात आणून दिलं. मी म्हणालो, प्रश्नांकडे परत जाणं म्हणजे माघार. ती म्हणाली, डॉक्टर, मग काय पुढे चाललोय का आपण?

हल्ली उद्धट झालीये थोडी.

६ डिसेंबर, सोमवार

सवानाला फोन. पत्त्यात एक किरकोळ भर घातली. अपार्टमेंट ११४. ही कल्पना मला काही दिवसांपासून डोक्यात घोळत असल्यासारखी वाटत होती. अर्लिसला सांगितलं तर तिने नुसती भुवई वर केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काहीतरी पुटपुटली. मी ऐकलं नाही.

७ डिसेंबर, मंगळवार

आर्डिथबाईंची शेवटची कागदी चिठ्ठी. या गोळ्या ३ जानेवारीला संपणार. केल्सी दारात डोकावून म्हणाली, डॉक्टर, काही मदत हवीये का? मी म्हणालो, मुली, तू जन्माला येत असताना मला मदत लागली नाही, आता कशी लागेल? ती हसून गेली. दडपण येत असावं तिला माझं.

१५ डिसेंबर, बुधवार

पत्र आलं!! पेटी क्रमांक ११४, सरळ! डेल म्हणाला, आता कसं शहाण्यासारखा पत्ता लिहिलास. गुप्त आकडा घातला. हिरवी खूण. ओळख पटली!

दवाखाना लवकर बंद केला. जोलीनला मिठी मारली. अर्लिसला फोन करून म्हणालो, अभिनंदन कर, मी मर्ल स्टॉडर्ड आहे. ती म्हणाली, अरे वा, मग येताना दूध घेऊन ये. रस्त्यावरून शीळ घालत आलो. दूध विसरलो. असल्या दिवशी दूध कुणाला आठवतं!

२० डिसेंबर, सोमवार

चावीही आली. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायची, अंगठ्याएवढी, तिच्यावर सहा आकडे. प्रत्येक चिठ्ठीला आधी स्वतःचा पासवर्ड, मग त्या वेळेचे सहा आकडे. आकडे मी नीट अक्षरात कार्डावर लिहून घेतले, पाकिटात ठेवले, चावी तिजोरीत.

२१ डिसेंबर, मंगळवार

आकडे दर तीस सेकंदांनी बदलतात. हे कुणी सांगायला नको? (पाकिटावर लिहिलं होतं. बारीक अक्षरात. मध्यम.)

चावी जोलीनच्या गळ्यात अडकवून ठेवू म्हटलं, मला हवी तेव्हा मागीन. ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली, डॉक्टर, ही तुमच्याशिवाय कुणी हातात धरायची नाही, नाहीतर तुमच्याबरोबर माझीही नोकरी जाईल. माझ्यावर किती जीव या मुलीचा.

तीस सेकंदांत सहा आकडे घालायचा सराव. पहिल्या तासाला एकदाही नाही. संध्याकाळपर्यंत दहांत तीन. बोटं तापलीत.

२२ डिसेंबर, बुधवार

एक छोटीशी औपचारिकता राहिलीये. सगळं असूनही कॉम्प्युटर मला मॉर्फिन पाठवू देत नाही. दवाखान्यातल्या दोन माणसांनी परवानगी द्यावी लागते. एकाने माझं नाव पुढे करायचं, ते जोलीन करेल. दुसऱ्याने मंजूर करायचं, आणि तो दुसरा स्वतः अशी औषधं लिहिणारा, स्वतःची चावी असलेला हवा. दवाखान्यात असं माणूस एकच.

केल्सी.

जिला मी पाय धरून उलटी केली आणि पाठीवर थापटी मारली, ती आता मला मंजूर करणार!

जोलीन म्हणाली, तिला सांगू? चाळीस सेकंदांचं काम. मी म्हणालो, थांब. मी बघतो.

२८ डिसेंबर, मंगळवार

धोरण असं: मी विचारायचं नाही. केल्सीनेच येऊन म्हणावं, डॉक्टर, तुम्हाला मंजूर करायचा मान मला द्या. तशी संधी मी तिला रोज देतो. आज तिच्या टेबलापाशी तीनदा घुटमळलो. पहिल्यांदा पेन मागितलं, दुसऱ्यांदा हवेबद्दल बोललो, तिसऱ्यांदा पेन परत केलं. जोलीन मागून म्हणाली, ताकाला जाऊन भांडं लपवताय डॉक्टर. मी म्हणालो, मी ताक पीत नाही.

३ जानेवारी, सोमवार

उद्या ४. आर्डिथबाईंच्या गोळ्या आज रात्री संपतील, पण शिल्लक असणारच. म्हातारी माणसं दोन-चार बाजूला ठेवतात, माझ्या एकोणचाळीस वर्षांच्या अनुभवात सगळी ठेवतात. फोन करून विचारणार होतो. पण विचारलं तर बाई म्हणतील, म्हणजे अजून झालं नाही का? उगाच कशाला काळजीत टाका.

नव्या वर्षाचा निश्चय: दुसऱ्यांचे अहंकार समजून घेणं. उदाहरणार्थ केल्सीचा.

५ जानेवारी, बुधवार

बाईंचा फोन नाही. म्हणजे शिल्लक आहेच. बरोबर होतो मी.

नीट झोप नाही. उशी बदलली पाहिजे.

६ जानेवारी, गुरुवार

पहाटे उठलो. भिंत धरून बाथरूमला जाणाऱ्या आर्डिथबाई डोळ्यांपुढून हलेनात. स्वप्न नव्हतं, जागाच होतो. सातला दवाखान्यात. केल्सी यायच्या आधी तिच्या खुर्चीसमोर बसून राहिलो. ती आली. मी म्हणालो, केल्सी, मला मंजूर कर. एवढंच. पेनबिन काही नाही.

ती म्हणाली, हो डॉक्टर, आत्ता करते. कोट काढायच्या आधी केलं. जोलीन चाळीस सेकंद म्हणाली होती, पंचवीसच लागले. केल्सी पुढे काहीतरी सांगणार होती, आर्डिथबाईंचं नाव घेतलं तिने, पण मी हात वर केला. म्हटलं, आजचा दिवस मला सुखाने जाऊ दे, उद्या बोल.

बाईंना फोन केला. उद्या अकराला या, तुमच्यादेखत पाठवतो! बाई म्हणाल्या, येते रे. कोलाची आणते.

७ जानेवारी, शुक्रवार, दुपारी बारा

ऐतिहासिक दिवस! आर्डिथबाई निळा कोट घालून आल्या, चालत, काठीही नुसती नावाला. (शिल्लक होती!) मी टाय बांधला होता. जोलीन फोटोसाठी फोन धरून उभी. केल्सी दारात. अगदी डेलसुद्धा खोकत खोकत आला, पोस्ट बंद ठेवून.

पासवर्ड. एक लाल चौकट उघडली, बरंच काही लिहिलेलं. बंद केली. अनुभवी माणसाला कळतं कोणती चौकट वाचायची. केल्सी म्हणाली, डॉक्टर, ती जरा... मी म्हणालो, शू! आकडे चालू आहेत! पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा हुकलं. तिसऱ्यांदा सहाच्या सहा, वर चार सेकंद शिल्लक! चिठ्ठी गेली!

टाळ्या! बाईंनीही वाजवल्या. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, शाब्बास मर्ल. माझे डोळे भरले, लपवले नाहीत. चार कोलाची खाल्ली.

त्याच दिवशी, पाच वाजता

गॉर्डनच्या दुकानातून उत्तर आलं. चिठ्ठी नाकारली. कारण: हीच औषधं याच रुग्णाला ३ जानेवारीला दिलेली आहेत. लिहून देणारी केल्सी.

लाल चौकटीत हेच होतं म्हणे.

बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, ये, बस. मी डिसेंबरातच केल्सीला सांगून ठेवलं होतं, तीन तारखेपर्यंत मर्लचं झालं नाही तर तू लिही. म्हणाल्या, दुखणं थांबत नाही रे, तुझी ओळख पटेपर्यंत. रागावून नाही म्हणाल्या. चौथीत गणित चुकलं की जशा सांगायच्या तसं. मी विचारलं, मग आज का आलात? त्या म्हणाल्या, तू बोलावलंस ना.

शरम वाटली. पाच तारखेला मी उशीचा विचार करत होतो, आणि हाताशी पंचवीस सेकंदांचं काम होतं.

येताना दवाखान्यात डोकावलो. जोलीन दिवे बंद करत होती. म्हटलं, तो सकाळचा फोटो पुसून टाक. ती म्हणाली, डॉक्टर, फोटो काढलाच नव्हता. नुसता फोन वर धरला होता. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

डेललासुद्धा? डेललासुद्धा. आणि अर्लिसला? जोलीनने कोटाची बटणं लावायला घेतली.

मग मी एकच विचारलं. म्हटलं, बाईंची एकही गोळी चुकली नाही ना?

नाही म्हणाली. एकही नाही.

बरं झालं.